तेवीस मार्च : स्वातंत्र्य कोण राखतो?

(तेवीस मार्चच्या निमित्ताने कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

तारखेच्या अंगी स्वतःचे असे काही कर्तृत्व नसते. इतिहास दिनदर्शिका घडवीत नाही. तो माणसे घडवितात. तेव्हा निरनिराळ्या वर्षी एकाच तारखेला घडलेल्या घटनांमध्ये काही गूढ संकेत शोधणे हा भाबडेपणा होईल, आणि बुद्धिवादाचा वारसा सांगणाऱ्या चळवळीला तो शोभणारही नाही. तथापि दूरदूरच्या घटना तारखेच्या निमित्ताने शेजारी मांडल्या, म्हणजे एरवी ध्यानात न येणारे त्यांच्यातील साम्य व भेद स्पष्ट दिसू लागतात. तेवीस मार्च ही अशी एक तारीख आहे.

भारतात हा दिवस हुतात्म्यांचा. १९३१ साली याच दिवशी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर चढले. समाजवादी कार्यकर्त्याला याच दिवशी आणखी एक नाव आठवते. डॉ. राममनोहर लोहिया यांचा जन्म २३ मार्च १९१० रोजी उत्तर प्रदेशातील अकबरपूर येथे झाला. भगतसिंगांच्या फाशीच्या दिवशी आपला वाढदिवस साजरा व्हावा हे लोहियांना कधीच रुचले नाही, आणि त्यांच्या अनुयायांनीही तो संकेत पाळला. परंतु याच तारखेला १९१९ मध्ये मिलानला फॅसिझमचा जन्म झाला, १९३३ मध्ये बर्लिनला एका निर्वाचित संसदेने स्वतःचा अधिकार हुकूमशहाच्या हाती सोपविला, आणि १९४० मध्ये लाहोरलाच फाळणीची वाट उघडणारा ठराव मांडला गेला. या सर्व घटनांना एकच प्रश्न विचारता येण्याजोगा आहे. स्वातंत्र्य नेमके कसे जाते, आणि ते जात असताना संख्येने थोडे असलेल्यांनी काय करावयाचे असते?

मिलान, १९१९

२३ मार्च १९१९ रोजी मिलान शहरातील सान सेपोल्क्रो चौकात, व्यापारी व उद्योजकांच्या मंडळाच्या सभागृहात, एक लहानशी सभा भरली. युद्धावरून परतलेले सैनिक, काही जुने सिंडिकॅलिस्ट, काही भविष्यवादी कलावंत असा तो संमिश्र जमाव होता. सभा बोलावणारा बेनितो मुसोलिनी हा काही वर्षांपूर्वी इटालियन समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ या मुखपत्राचा संपादक होता. महायुद्धात इटलीने उतरावे असा प्रचार त्याने सुरू केल्यामुळे १९१४ साली पक्षाने त्याला काढून टाकले होते.

या मंडळींनी पुढे जूनमध्ये जो कार्यक्रम जाहीर केला, तो कार्यकर्त्यांनी अवश्य अभ्यासावा. स्त्रियांना मताधिकार, आठ तासांचा दिवस, किमान वेतन, भांडवलावर चढता कर, युद्धात कमावलेल्या नफ्याची जप्ती अशा मागण्या त्यात होत्या. केवळ कागद वाचणाऱ्याला हा डाव्यांचाच जाहीरनामा वाटावा! पण कागदावरील अक्षरांपेक्षा हातातील लाठीची दिशा अधिक खरी असते. सभेला महिना लोटण्यापूर्वीच, १५ एप्रिल १९१९ रोजी, या मंडळींनी मिलानमधील ‘अवांती’च्या कचेरीवर हल्ला करून ती जाळली. ज्यांच्या मागण्या उसन्या घेतल्या त्यांचाच छापखाना त्यांनी प्रथम मोडला.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली. मिलानमध्ये फॅसिस्टांना पाच हजारांपेक्षाही कमी मते पडली आणि त्यांचा एकही उमेदवार निवडून आला नाही. समाजवादी पक्षाने मात्र १५६ जागा मिळविल्या आणि तो संसदेतील सर्वांत मोठा पक्ष ठरला. मुसोलिनी राजकीयदृष्ट्या मेला, अशी थट्टा तेव्हा समाजवाद्यांनी केली. या थट्टेनंतर तीन वर्षांच्या आत तो पंतप्रधान झाला.

हे कसे घडले? १९२० च्या सप्टेंबरात कामगारांनी उत्तर इटलीतील कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा मालकवर्ग हादरला. पो नदीच्या खोऱ्यातील जमीनदारांना शेतमजुरांच्या संघटना मोडावयाच्या होत्या. त्यांनी काळ्या डगलेवाल्यांच्या टोळ्यांना पैसा आणि वाहने पुरविली. कामगारांची सभागृहे, सहकारी भांडारे, ग्रंथालये एकामागून एक जळत गेली. पोलीस पाहत राहिले. १९२१ मध्ये उदारमतवादी पंतप्रधान जोलित्ती यांनी फॅसिस्टांना आपल्या निवडणूक आघाडीत घेतले. त्यांना वापरून घेऊ आणि काम झाले की बाजूस सारू, असा त्यांचा हिशेब होता. याच काळात डाव्यांचे काय चालले होते? जानेवारी १९२१ मध्ये लिव्होर्नोच्या अधिवेशनात पक्ष फुटून कम्युनिस्ट वेगळे झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये उरलेल्या पक्षाने आपल्यातील सुधारणावाद्यांची हकालपट्टी केली. त्यानंतर काही आठवड्यांतच राजाने मुसोलिनीला सरकार बनविण्यासाठी बोलावले. त्या वेळी संसदेत फॅसिस्टांचे फक्त ३५ सभासद होते, तरीही संसदेने त्याच्यावर बहुमताने विश्वास व्यक्त केला.

संसदेत हिशेब विचारणारे थोडे होते. त्यांच्यापैकी एक जाकोमो मात्तेओत्ती. निवडणुकीतील दंडेलीचा पाढा त्यांनी ३० मे १९२४ रोजी भर सभागृहात वाचला. १० जूनला त्यांना पळवून नेऊन ठार करण्यात आले. १९२६ अखेर इटलीत विरोधी पक्ष म्हणून काही उरले नाही.

लाहोर, १९३१

आता लाहोरकडे वळावयाचे. भगतसिंगांची कथा शौर्यकथा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती कायद्याची आणि कामगारांचीही कथा आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकला, तो कोणाचा जीव घेण्यासाठी नव्हे. त्या वेळी सभागृहापुढे दोन विधेयके होती. एक सार्वजनिक सुरक्षिततेचे, दुसरे औद्योगिक कलहांचे. दुसऱ्या विधेयकाने सहानुभूतीच्या संपावर आणि सार्वत्रिक संपावर बंदी येणार होती. या विधेयकामागची पार्श्वभूमी मुंबईची होती. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांनी जो प्रदीर्घ संप लढविला, त्याने सरकार आणि मालक दोघेही अस्वस्थ झाले होते. २० मार्च १९२९ रोजी देशभरच्या कामगार पुढाऱ्यांना मीरत खटल्यासाठी पकडण्यात आले, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत दिल्लीत बाँबचा आवाज झाला. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराचा संपाचा हक्क आणि लाहोरचा फास यांचे नाते हे असे आहे. पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू त्या फासावर चढले हा महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहेच, त्यांचे गाव आता राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. पण महाराष्ट्राचे नाते तेवढ्यावर संपत नाही.

पुढे सँडर्स-वधाचा खटला उभा राहिला. तुरुंगात राजकीय कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध आरोपींनी उपोषण आरंभिले. ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी जतिन दासांनी प्राण सोडले. उपोषणाने क्षीण झालेले आरोपी न्यायालयात येऊ शकत नाहीत म्हणून त्यांच्या अनुपस्थितीतच खटला चालवावा, असे विधेयक सरकारने विधिमंडळात आणले. लोकप्रतिनिधींनी त्याला कडवा विरोध केला, आणि ते मंजूर करून घेणे सरकारला जमले नाही. मग लॉर्ड अर्विन यांनी १ मे १९३० रोजी वटहुकूम काढला. तीन न्यायाधीशांचे खास न्यायाधिकरण नेमले गेले. आरोपी हजर नसले तरी काम पुढे चालणार होते. निकालावर उच्च न्यायालयात अपील नव्हते. सरकारच्या पसंतीस न उतरलेले न्यायमूर्ती आगा हैदर यांना मध्येच न्यायाधिकरणातून दूर करण्यात आले. वटहुकुमाची मुदत सहा महिन्यांची. ती संपण्यापूर्वी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, फाशीची शिक्षा सुनावून न्यायाधिकरण मोकळे झाले.

फाशी ठरली होती २४ मार्चच्या सकाळी. लोकक्षोभाच्या भीतीने ती आदल्या संध्याकाळीच उरकण्यात आली. मृतदेह नातलगांना न देता रातोरात सतलजच्या काठी हुसैनीवाला येथे नेऊन जाळण्यात आले. फाळणीत ती जागा पाकिस्तानकडे गेली. १९६१ मध्ये काही गावांच्या बदल्यात भारताने ती परत मिळविली. १९६५ साली बटुकेश्वर दत्त निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहनही तेथेच झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बाँब टाकणारा तरुण मरणाच्या वेळी केवळ बाँबवर विसंबून राहिलेला नव्हता. २ फेब्रुवारी १९३१ रोजी तरुण राजकीय कार्यकर्त्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात भगतसिंगांनी दहशतीच्या मार्गाची मर्यादा स्पष्टपणे मांडली, आणि शेतकरी-कामगारांच्या संघटनेचे दीर्घ, कंटाळवाणे वाटणारे काम हाच क्रांतीचा आधार असल्याचे सांगितले. त्यांचे छायाचित्र लावणारे पुष्कळ आहेत. ते पत्र वाचणारे थोडे आहेत.

बर्लिन, १९३३

लाहोरच्या फाशीला दोन वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी जर्मनीची संसद बर्लिनच्या क्रोल नाट्यगृहात भरली. संसदेची मूळ इमारत २७ फेब्रुवारीला आगीत भस्मसात झाली होती; दुसऱ्याच दिवशी निघालेल्या फर्मानाने नागरिकांचे मूलभूत हक्क तहकूब झाले होते. ५ मार्चच्या निवडणुकीत, इतकी दहशत माजवूनही, हिटलरच्या पक्षाला ४३.९ टक्केच मते मिळाली : ६४७ पैकी २८८ जागा. मित्रपक्षाच्या ५२ जागा धरून साधे बहुमत झाले. पण हिटलरला दोन तृतीयांश बहुमत हवे होते. कारण त्याला हवा असलेला कायदा घटना बदलणारा होता.

त्या कायद्याचे नावच पाहण्याजोगे आहे : जनतेच्या आणि राष्ट्राच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी कायदा. कलमे अवघी पाच. मंत्रिमंडळाने संसदेला न विचारता कायदे करावेत, ते घटनेशी विसंगत असले तरी चालतील, असा त्याचा मथितार्थ. मुदत चार वर्षांची.

दोन तृतीयांशांचा मेळ कसा घातला गेला? कम्युनिस्टांचे ८१ सभासद निवडून आले होते. ते तुरुंगात तरी होते किंवा भूमिगत तरी. त्यांना मोजणीतूनच वगळण्यात आले. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या १२० पैकी कित्येक पकडले गेले होते वा परागंदा झाले होते. यूलिउस लेबर यांना तर त्या दिवशी सभागृहाकडे येत असतानाच अटक झाली. सभासदांनी सभात्याग करून गणसंख्या मोडू नये म्हणून नियम बदलण्यात आले. नाट्यगृहाच्या आत-बाहेर नाझी पथके उभी होती. उरला प्रश्न मधल्या पक्षांचा. कॅथॉलिकांच्या सेंटर पक्षाला हिटलरने लेखी आश्वासनाचे वचन दिले. पत्र आले नाही. मते मात्र पडली. उदारमतवादी पक्षाच्या पाचही सभासदांनी कायद्याच्या बाजूने मत दिले. त्यांतील टेओडोर हॉइस पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ही सारी माणसे खलनायक नव्हती. विरोध करून काय साधणार, निदान आत राहून थोडे तरी वाचवू, असा त्यांचा विचार होता. तो विचार किती फोल ठरला हे पुढील चार महिन्यांत दिसले.

सोशल डेमोक्रॅटांच्या वतीने ओटो व्हेल्स बोलावयास उठले. समोर हिटलर, सभोवती शस्त्रधारी. त्यांचे भाषण भडक नव्हते. स्वातंत्र्य व प्राण हिरावून घेता येतील, पण अब्रू हिरावता येणार नाही, अशा आशयाचे एक वाक्य त्यांनी उच्चारले आणि मानवता, न्याय, स्वातंत्र्य व समाजवाद यांच्यावरील निष्ठेचा पुनरुच्चार केला. मतमोजणी झाली. बाजूने ४४४, विरुद्ध ९४. विरोधातली ९४ ही सर्व मते एकाच पक्षाची होती.

त्यानंतर २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या, २२ जून रोजी सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर बंदी आली, आणि १४ जुलै रोजी एकाच पक्षाखेरीज अन्य पक्ष काढणे गुन्हा ठरला. ज्या सेंटर पक्षाने आत राहून वाचवावयाचे ठरविले होते, तोही तोवर विसर्जित झाला होता. चार वर्षांच्या मुदतीचा तो कायदा वाढत वाढत राजवटीच्या अंतापर्यंत टिकला. वायमार घटना मात्र कधीच औपचारिकपणे रद्द केली गेली नाही. तशी गरजच उरली नाही. व्हेल्स १९३९ मध्ये पॅरिसला परदेशवासात वारले. लेबर यांना ५ जानेवारी १९४५ रोजी मृत्युदंड देण्यात आला.

परंतु केवळ ९४ जणांच्या धैर्याला वंदन करून हा अध्याय मिटता येणार नाही. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांना १२१ आणि कम्युनिस्टांना १०० जागा मिळाल्या होत्या. म्हणजे दोघांच्या मिळून २२१. नाझींच्या होत्या १९६. कम्युनिस्ट तेव्हा सोशल डेमोक्रॅटांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणून हिणवीत होते. सोशल डेमोक्रॅटांचे नेतृत्वही रस्त्यावरील संघर्षापेक्षा घटनेच्या कलमांवर अधिक विसंबून होते. मालक, लष्कर आणि जमीनदार यांच्या आशीर्वादाने हिटलर सत्तेवर आला तेव्हा कामगारांची ही दोन सैन्ये एकमेकांकडे पाठ फिरवून उभी होती. मग दोघांचीही भेट झाली ती छळछावणीत. दाखाऊची छावणी त्या मतदानाच्या आदल्याच दिवशी, २२ मार्चला, सुरू झाली होती.

बर्लिनच्या विद्यापीठात मिठावरील कर आणि सत्याग्रह या विषयावर प्रबंध लिहून लोहिया १९३३ मध्येच भारतात परतले. जर्मनीतील डाव्यांची ही फाटाफूट त्यांनी तेथे राहून पाहिली होती. समाजवाद्यांनी आर्थिक प्रश्नाबरोबर नागरिकांच्या हक्काचा प्रश्न तितक्याच आग्रहाने लढविला पाहिजे, हा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला. १९४४ मध्ये पकडले गेल्यावर लाहोरच्या किल्ल्यात त्यांनी स्वतः छळ सोसला. सुटकेनंतर दोन-अडीच महिन्यांतच, १८ जून १९४६ रोजी, मडगावला त्यांनी गोमंतकीयांच्या सभास्वातंत्र्यासाठी पोर्तुगीज बंदी मोडली. गोव्याच्या मुक्तिलढ्याची नवी पहाट एका सभाबंदीच्या भंगातून झाली, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

लाहोर, १९४०

भगतसिंगांच्या फाशीला नऊ वर्षे झाली त्या दिवशी, त्याच लाहोर शहरातील मिंटो पार्कवर, मुस्लिम लीगच्या अधिवेशनात बंगालचे मुख्यमंत्री फजलुल हक यांनी तो प्रसिद्ध ठराव मांडला. दुसऱ्या दिवशी तो संमत झाला. पाकिस्तान हा शब्द त्यात नव्हता. वायव्येकडील आणि पूर्वेकडील मुस्लिमबहुल भागांत स्वतंत्र राज्ये असावीत, असे अनेकवचन होते. अध्यक्षस्थानी महंमद अली जिना होते.

भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांच्या अनुपस्थितीत खटला चालविणाऱ्या त्या विधेयकाला सप्टेंबर १९२९ मध्ये विधिमंडळात ज्यांनी अत्यंत प्रभावी विरोध केला, त्यांत हेच जिना होते. उपोषणाने मरावयास सिद्ध होणारा माणूस सामान्य गुन्हेगार नव्हे, आणि आरोपीला न ऐकता दिलेला निकाल हा न्याय नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. व्यक्तीच्या हक्कासाठी इतके नेमके बोलणारा हा कायदेपंडित पुढे माणसाची गणना प्रथम धर्माने करू लागला. या स्थित्यंतराचे खापर एकट्या जिनांवर फोडून चालणार नाही. काँग्रेसच्या धोरणातील त्रुटी, हिंदू जातीयवाद्यांची आगखाऊ भाषा आणि राज्यकर्त्यांची भेदनीती यांचाही त्यात वाटा होता. लोहियांनी १९६० साली ‘भारताच्या फाळणीचे गुन्हेगार’ या अर्थाचे नाव दिलेल्या आपल्या पुस्तकात हा हिशेब मांडताना कोणालाच सूट दिली नाही.

ठराव मांडणाऱ्या फजलुल हकांचे पुढे काय झाले? कृषक प्रजा पक्ष काढून बंगालच्या कुळांसाठी लढलेला हा पुढारी. १९५४ च्या निवडणुकीत त्यांच्या संयुक्त आघाडीने पूर्व बंगालमध्ये मुस्लिम लीगला धूळ चारली. दोन महिन्यांत त्यांचे सरकार कराचीने बरखास्त केले. २३ मार्च १९५६ रोजी पाकिस्तानची पहिली घटना अमलात आली. ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायद्याने ती गुंडाळली. आणि २३ मार्च १९७१ रोजी, पाकिस्तान दिनीच, ढाक्यात घरोघरी बांगला देशाचा ध्वज लागला. दोन दिवसांनी तेथे नरसंहाराला प्रारंभ झाला. धर्म एक असला म्हणून भाषेचा, भाकरीचा आणि सत्तेतील वाट्याचा प्रश्न सुटत नाही, हे इतक्या रक्ताने सिद्ध व्हावे लागले.

भारताच्या बाजूलाही या धड्याची किंमत मोजावी लागली आहे. २३ मार्च १९८८ रोजी पंजाबी कवी अवतारसिंग पाश यांना त्यांच्या गावात खलिस्तानी अतिरेक्यांनी गोळ्या घालून ठार केले. सरकारी दडपशाहीविरुद्ध लिहिणारा आणि तुरुंग भोगलेला हा कवी, धर्माच्या नावाने बंदूक चालविणाऱ्यांविरुद्धही तितक्याच निर्भयपणे लिहीत होता. दोन्ही बाजूंना नकोसा झालेला माणूस पुष्कळदा तिसऱ्या, खऱ्या बाजूचा असतो.

भारतातील पडताळा

हे सारे परदेशचे किंवा फाळणीपूर्वीचे आहे, असे कोणी म्हणेल. घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालू असता ह. वि. कामत यांनी वायमार घटनेतील तरतुदींशी त्यांचे साम्य दाखवून धोक्याचा इशारा दिला होता. हेच कामत पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले. १९६५ मध्ये डीट्रिख कॉनरॅड या जर्मन अभ्यासकाने बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. घटनादुरुस्तीच्या अधिकारालाच काही अंगभूत मर्यादा असतात काय, हा त्याचा विषय होता. बर्लिनच्या अनुभवातून आलेला तो प्रश्न गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. क्रोल नाट्यगृहातील त्या दुपारचा धडा भारताच्या घटनेत असा पोहोचला.

तरीही जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, आणि तीही घटनेच्या कलमानुसारच! विरोधी सभासद तुरुंगात असताना संसदेने एकामागून एक घटनादुरुस्त्या संमत केल्या. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निर्णय दिला. विरोधातला एक आवाज न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा होता. लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपल्यावर ती वाढवून घेण्यात आली, तेव्हा तुरुंगात असलेल्या मधू लिमये आणि शरद यादव यांनी, लोकांनी पाच वर्षांसाठीच निवडून दिले आहे, या भूमिकेतून आपल्या जागांचे राजीनामे दिले. त्या वेळी या दोन राजीनाम्यांनी सरकारचे काही बिघडले नाही. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी मात्र त्याच भूमिकेवर शिक्का मारला, आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब न होण्याची तरतूद केली. एका न्यायमूर्तीचे अल्पमत काही वर्षांतच देशाचा कायदा झाले.

कार्यकर्त्याचे काम

साथींनो, या घटनांतून काढावयाचे निष्कर्ष चार आहेत.

पहिला असा की, हुकूमशाही येते तेव्हा ती लोकांच्या दुःखाचीच भाषा बोलत येते. मिलानचा कार्यक्रम कामगारांच्या मागण्यांचा होता; बर्लिनच्या कायद्याचे नाव लोकांच्या हालअपेष्टा निवारण्याचे होते. म्हणून कोण काय बोलतो यापेक्षा, कोणाचा छापखाना मोडला जातो, कोणाची सभा बंद पडते आणि खर्च कोण पुरवितो, हे कार्यकर्त्याने पाहावे.

दुसरा, कायदेशीर आणि न्याय्य हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. अर्विनचा वटहुकूम, हिटलरचा कायदा आणि १९७५ ची आणीबाणी या तिन्हींवर आवश्यक ते सर्व शिक्के होते. अपिलाचा हक्क, आरोपीला हजर राहण्याचा हक्क, निवडणूक मुदतीत होण्याचा हक्क ही तांत्रिक कलमे नसून गरिबांच्या हातातील शेवटची हत्यारे आहेत. एखाद्या वटहुकुमाची किंवा विधेयकाची बातमी आली की ती वकिलांसाठी सोडून न देता शाखेच्या बैठकीत वाचली गेली पाहिजे.

तिसरा निष्कर्ष समाजवाद्यांना झोंबणारा आहे. फाटाफुटीची हौस इटलीला आणि जर्मनीला किती महाग पडली हे वर आलेच. भारतातील समाजवादी चळवळीने या बाबतीत त्यांच्यापेक्षा अधिक शहाणपण दाखविले, असे इतिहास सांगत नाही. मतभेद असावेत, ते मोकळेपणाने मांडावेत. पण शेजारचा साथी हाच मुख्य शत्रू वाटू लागला, म्हणजे खरा शत्रू कोठे पोहोचला आहे याची चौकशी करण्याची वेळ आली असे समजावे.

चौथा निष्कर्ष संख्येविषयी. ९४ मतांनी कायदा अडला नाही, मात्तेओत्तींच्या भाषणाने दंडेली थांबली नाही, लाहोरच्या तिघांच्या मरणाने साम्राज्य दुसऱ्या दिवशी कोसळले नाही. म्हणून ते व्यर्थ ठरले काय? महायुद्धानंतर जर्मनीला नवी लोकशाही उभारावयाची झाली, तेव्हा नकाराधिकार बजावणारे ते ९४ जण हीच तिच्याजवळ शिल्लक राहिलेली पुंजी होती. बहुमत आज काय घडेल ते ठरविते. पण उद्याला कशाच्या आधारे उभे राहावयाचे, हे अनेकदा नोंदविलेल्या विरोधाने ठरते. तो विरोध नोंदवावा लागतो, उघडपणे आणि वेळेवर. मनातल्या मनात केलेला विरोध इतिहास जमेस धरीत नाही.

लाहोरचा तो जुना तुरुंग पाडून तेथे वस्ती झाली. जेथे फाशीचा खांब होता, तेथे आता शादमान चौक आहे. त्या चौकाला भगतसिंगांचे नाव द्यावे अशी मागणी पाकिस्तानातील काही नागरिक वर्षानुवर्षे करीत आले आहेत, आणि तेवीस मार्चच्या संध्याकाळी, देशात सर्वत्र पाकिस्तान दिन साजरा होत असताना, ते तेथे मेणबत्त्या घेऊन जमतात. त्यांना धमक्या येतात, न्यायालयात खेटे घालावे लागतात, आणि ते थोडेच असतात. धर्माने आणि सरहद्दीने वेगळ्या पडलेल्या एका तरुणाला ते आपला मानतात. भारतातील ज्या गावात शाखा आहे, तेथे या दिवशी हार घालून परतण्याऐवजी भगतसिंगांचे ते शेवटचे पत्र, व्हेल्स यांचे भाषण आणि घटनेतील मूलभूत हक्कांचे प्रकरण यांचे सामुदायिक वाचन झाले, तर तिकडच्या त्या थोड्यांशी इकडच्यांचे नाते जुळेल.